रस्त्यावरची स्वच्छता: स्वभाव, सक्ती की सोय?

पांथस्थ

परदेशातून परतलेल्या माणसाच्या बोलण्यात एक वाक्य हमखास येते: ‘तिथले लोकच मुळात शिस्तीचे.’ हे वाक्य उच्चारले की पुढची चौकशी थांबते, कारण स्वभावाला औषध नसते असे आपण धरूनच चालतो. एखाद्या देशातील रस्ते स्वच्छ का असतात, याचे ‘तिथले लोक तसे असतात’ हे उत्तर मला कधीच पुरेसे वाटलेले नाही. म्हणून हा धागा.

या चर्चेत सर्वांत आधी नाव निघते ते जपानचे, तेव्हा तिथूनच सुरुवात करतो. टोकियोत रस्त्यावर कचरापेट्या जवळजवळ दिसत नाहीत आणि तरीही कचरा दिसत नाही, याचे पाहुण्यांना नवल वाटते. २० मार्च १९९५ रोजी ओम शिनरिक्यो या पंथाच्या लोकांनी टोकियोच्या भुयारी रेल्वेत सारिन हा विषारी वायू सोडला आणि त्यानंतर, पेट्यांत कोणी घातक वस्तू दडवू नये म्हणून, स्थानकांवरच्या व सार्वजनिक जागांवरच्या पेट्या मोठ्या प्रमाणावर काढून टाकण्यात आल्या. लोक कचरा पिशवीत ठेवून घरी नेऊ लागले. इथपर्यंतची गोष्ट बहुतेकांना ठाऊक असते. मात्र त्याआधीचे टोकियो कसे होते, हे सहसा कोणी सांगत नाही. १९६४ च्या ऑलिंपिकपूर्वी सुमिदा नदीच्या दुर्गंधीची तक्रार सार्वत्रिक होती. रस्त्याकडेच्या उघड्या कचराकुंड्या हटवून झाकणाच्या प्लॅस्टिक बादल्या आणि गाडी येण्याचे ठरलेले दिवस ही पद्धत त्या खेळांच्या निमित्ताने शहरभर रुजवली गेली. पुढे १९७१ मध्ये राज्यपाल मिनोबे यांनी चक्क ‘कचरायुद्ध’ पुकारले. सगळ्या शहराचा कचरा कोतो या विभागाच्या माथी मारला जात होता आणि सुगिनामी विभागातील रहिवासी मात्र आपल्याकडे दहनभट्टी होऊ देत नव्हते, तेव्हा कोतोच्या लोकांनी सुगिनामीच्या गाड्या अडवल्या. आज ज्यांच्या शिस्तीचे गोडवे गायले जातात, त्याच शहराचे हे चित्र आहे.

आणखी एक तपशील. टोकियोच्या चियोदा विभागाने २००२ मध्ये रस्त्यावर सिगारेट ओढण्यास बंदी केली आणि दंड लावला. थोटके रस्त्यावर पडतच नसती, तर ही वेळ आली नसती. याचा अर्थ जपानी शाळांमध्ये मुले आपले वर्ग आणि व्हरांडे स्वतः झाडतात, त्याचा काही उपयोग होत नाही असे नव्हे. त्या सवयीच्या जोडीला घरोघरी वर्गीकरण, ठरल्या दिवशीचे संकलन आणि वेळप्रसंगी दंड असे सगळे असावे लागते, इतकेच.

याच्या शेजारी ब्रिटन ठेवून पाहा. आयआरए या आयरिश सशस्त्र संघटनेच्या बॉम्बस्फोटांमुळे, विशेषतः १९९१ मध्ये लंडनच्या व्हिक्टोरिया स्थानकावरील स्फोटानंतर, तिथेही स्थानकांवरच्या पेट्या काढल्या गेल्या. २० मार्च १९९३ रोजी वॉरिंग्टन येथे पेट्यांमध्ये ठेवलेल्या बॉम्बनी दोन मुलांचा जीव घेतला. कारण तेच, उपायही तोच. परंतु ‘कचरा घरी नेणारे लोक’ अशी ख्याती काही ब्रिटिशांना लाभली नाही. मग दोहोंत फरक कशाने पडला? ज्यांनी वेगवेगळ्या देशांत राहून हे जवळून पाहिले आहे, त्यांची निरीक्षणे वाचायला आवडतील.

नदीकाठ

विषय महत्त्वाचा आहे. सिंगापूरचा उल्लेख कोणी ना कोणी करणारच, म्हणून मीच करतो.

पंतप्रधान ली क्वान यू यांनी ऑक्टोबर १९६८ मध्ये स्वच्छ सिंगापूरची मोहीम सुरू केली. त्या मोहिमेची भित्तिपत्रके आणि दंडाच्या पाट्या सर्वांच्या लक्षात राहतात. १९९२ मध्ये च्युइंगगमच्या आयातीवर बंदी आली, ती २००४ मध्ये औषधी प्रकारापुरती शिथिल झाली. त्याच १९९२ मध्ये कचरा टाकणाऱ्यांना भडक रंगाचे जाकीट घालून भर रस्त्यात झाडलोट करायला लावणारी शिक्षाही आली. पहिल्या गुन्ह्याला न्यायालय २,००० सिंगापुरी डॉलरपर्यंत दंड करू शकते. या गोष्टी इतक्या ठळक आहेत की त्यांच्याआड खरे काम झाकले जाते. रस्त्यावर बसणाऱ्या खाद्यविक्रेत्यांना नळ, गटार आणि कचऱ्याची सोय असलेल्या मंडयांमध्ये हलवण्याचे काम १९७१ पासून १९८६ पर्यंत चालले होते. सिंगापूर नदी स्वच्छ करायला १९७७ ते १९८७ अशी दहा वर्षे लागली. त्यासाठी काठावरची डुकरांची खुराडी, झोपड्या, होड्यांच्या दुरुस्तीची ठिकाणे हलवावी लागली आणि सांडपाण्याच्या वाहिन्या टाकाव्या लागल्या. विक्रेत्याला पाणी सोडायला गटारच नसेल, तर त्याला दंड करून तो रस्ता कोरडा होणार नाही.

दुसरी बाजूही सांगतो. हे शहर स्वच्छ ‘आहे’ की स्वच्छ ‘केले जाते’, असा प्रश्न तिथलेच लोक विचारतात. पहाटे झाडणाऱ्यांची मोठी फौज बाहेर पडते आणि लोक उठेपर्यंत रात्रीच्या खुणा पुसलेल्या असतात. म्हणून तिथे अधूनमधून एक दिवस मोकळ्या जागा मुद्दाम न झाडता ठेवतात, जेणेकरून आपण किती टाकतो हे लोकांना दिसावे. मंडईत जेवणाचे ताट आपण परत नेऊन ठेवावे यासाठी अनेक वर्षे आर्जवे झाली. अखेर २०२१ मध्ये ते सक्तीचे करावे लागले. अर्धशतकाच्या मोहिमेनंतर ही स्थिती असेल, तर ‘दंडाने सवय लागते’ हे विधान जपूनच करावे लागेल.

खडूफळा

धागाकर्त्यांशी अंशतः असहमत. व्यवस्थेवर सगळा भार टाकला की माणूस नामानिराळा होतो. पेटी दोन पावलांवर असताना खिडकीतून बाटली भिरकावणाऱ्याला कोणती व्यवस्था कमी पडली? मी शिक्षकी पेशात आहे. वर्गात कचरापेटी असते, तरीही कागदाचे बोळे बाकांखालीच सापडतात, आणि शिपाई सुट्टीवर असला की मात्र सगळ्यांना पेटी दिसू लागते.

पांथस्थ

@खडूफळा, तुमच्या शेवटच्या वाक्यातच माझे म्हणणे आले आहे. शिपाई असतो तेव्हा बोळे पडतात आणि नसतो तेव्हा पडत नाहीत, म्हणजे मुले तीच, संस्कार तेच. बदलले ते इतकेच की टाकलेले कोण उचलणार, याचे उत्तर.

उत्तररात्र

माझी काही वर्षे तैवानच्या राजधानीत, तैपेईत गेली. तिथले संध्याकाळचे दृश्य सविस्तर सांगण्याजोगे आहे.

अंधार पडता पडता लांबून बीथोव्हेनची ओळखीची धून ऐकू येऊ लागते. ती आइस्क्रीमची गाडी नव्हे, कचऱ्याची. धून ऐकू आली की इमारतींतून माणसे पिशव्या घेऊन खाली उतरतात आणि कोपऱ्यावर उभी राहतात. पुढे पिवळी गाडी, मागे पुनर्वापराच्या मालाची गाडी. पिशवी प्रत्येकाने आपल्या हाताने गाडीत टाकायची. रस्त्यावर ठेवून निघून जायचे नाही. खरकटे वेगळे, आणि त्यातही शिजलेले अन्न एका पिंपात व कच्च्या भाज्यांची देठे-साले दुसऱ्या पिंपात, कारण तेव्हा पहिले डुकरांच्या खाद्याला जाई आणि दुसऱ्याचे खत होई. चुकीच्या पिंपात टाकायला गेलात, तर गाडीवरचा कर्मचारी बोलायच्या आधी शेजारच्या आजीबाईच हटकतात. सर्वसाधारण कचऱ्यासाठी शहराने विकलेलीच पिशवी वापरावी लागते. तैपेईत हा नियम २००० सालापासून आहे. जितका कचरा, तितक्या पिशव्या, तितके पैसे. पुनर्वापराच्या मालाला पैसे पडत नाहीत, त्यामुळे लोक घरी बसून डबे-बाटल्या निगुतीने वेगळ्या करतात.

कचरा जमिनीला टेकू द्यायचा नाही, हे तिथले धोरण १९९० च्या दशकातले. त्याआधी याच बेटाची कचऱ्यासाठी दुष्कीर्ती होती आणि चौकाचौकांत पिशव्यांचे ढीग लागत. एका पिढीच्या आत लोकांचा ‘स्वभाव’ पालटला म्हणायचे, की गाडीची वेळ पालटली म्हणायचे?

एक गैरसोय मात्र सांगायला हवी. रात्रपाळी करणाऱ्याला, एकट्या म्हाताऱ्या माणसाला गाडीची वेळ गाठणे जड जाते. रस्त्यावर पेट्याही कमी, कारण त्या ठेवल्या की लोक पिशवीचे पैसे वाचवण्यासाठी घरचा कचरा त्यांत आणून कोंबतात. दक्षिण कोरियात १९९५ मध्ये पिशवीमागे पैसे घेण्याची पद्धत देशभर लागू झाली, तेव्हा सोलमध्येही हेच घडले आणि रस्त्यावरच्या पेट्या कमी होत गेल्या. म्हणजे घराचा हिशेब पक्का केला की चोरवाट रस्त्यावर उघडते, आणि ती बुजवली की पादचाऱ्याला हातातला कागदी पेला घेऊन मैलभर चालावे लागते.

अवांतरकार

प्रतिसाद आवडला. आजीबाईंच्या हटकण्याचे मोल कोणत्याही दंडाच्या पावतीपेक्षा जास्त असावे, असे वाटून गेले. (अवांतर: आपल्याकडे हटकणाऱ्यालाच ‘तुमच्या बापाचा रस्ता आहे का’ हे ऐकावे लागते. उत्तर खरे म्हणजे ‘होय’ असे आहे.)

टाकसाळ

सगळे वाचले. आतापर्यंत कोणीही न विचारलेला प्रश्न असा की कचरा मुळात तयार कोणी केला?

अमेरिकेचा इतिहास या बाबतीत बोलका आहे. १९५३ मध्ये व्हरमाँट राज्याने एकदाच वापरून फेकायच्या बिअरच्या बाटल्यांवर बंदी घातली. शेतकऱ्यांची तक्रार होती की मोटारींतून फेकलेल्या काचा कुरणात पडतात आणि गुरांना इजा होते. त्याच वर्षी वेष्टन व पेय उद्योगांच्या पुढाकाराने ‘कीप अमेरिका ब्यूटिफुल’ ही संस्था उभी राहिली. व्हरमाँटचा कायदा चार वर्षांत संपुष्टात आला, संस्था मात्र टिकली. १९७१ मध्ये तिने दूरचित्रवाणीवर एक जाहिरात आणली. मूलनिवासी वेशातला एक पुरुष होडीतून येतो, धावत्या मोटारीतून फेकलेला कचरा त्याच्या पायांशी पडतो आणि त्याच्या डोळ्यांतून एक अश्रू ओघळतो. प्रदूषण माणसे सुरू करतात आणि माणसेच थांबवू शकतात, असा तिचा संदेश. तो नट प्रत्यक्षात इटालियन वंशाचा होता, ही गोष्ट एकवेळ सोडून देऊ. अधिक महत्त्वाचे हे की ज्या १९७१ मध्ये ही जाहिरात लोकांना शरमिंदे करत होती, त्याच वर्षी ओरेगॉन राज्याने बाटल्यांवर अनामत रक्कम घेण्याचा कायदा केला, आणि असे कायदे इतरत्र होऊ नयेत म्हणून पेय व वेष्टन उद्योग पुढे वर्षानुवर्षे विरोध करत राहिला.

जर्मनीत १ जानेवारी २००३ पासून एकदाच वापरायच्या बाटल्या-डब्यांवर अनामत आहे, २५ सेंट. दुकानातल्या यंत्रात बाटली सरकवली की ती आत फिरते, तिच्यावरची बारकोडची पट्टी वाचली जाते आणि पावती हातात येते. ती गल्ल्यावर द्यायची. परत येणाऱ्या बाटल्यांचे प्रमाण ९५ टक्क्यांहून अधिक आहे. बागेत बसून पेय पिणारा माणूस उठताना रिकामी बाटली पेटीत न टाकता पेटीच्या शेजारी उभी करून ठेवतो. पहिल्यांदा पाहणाऱ्याला तो आळस वाटेल. वास्तविक अनामतीच्या बाटल्या गोळा करून चार पैसे मिळवणाऱ्याला पेटीत हात घालावा लागू नये, म्हणून ती तशी ठेवलेली असते. बाटली तीच आणि पिणाराही तसाच. फक्त तिची किंमत २५ सेंट झाल्यामुळे ती कचरा उरलेली नाही.

@खडूफळा यांचा खिडकीतून बाटली भिरकावणारा माणूस मला मान्य आहे. तो अनामत असलेल्या देशातही भिरकावेल, पण ती बाटली रस्त्यावर तासभरही टिकणार नाही.

खडूफळा

तासभर टिकणार नाही, कारण दुसरा कोणीतरी गरीब ती उचलेल. म्हणजे एकाच्या बेफिकिरीचे दुसऱ्याच्या गरजेवर परस्पर भागले. याला उपाय म्हणता येईल, सार्वजनिक वृत्ती म्हणता येणार नाही. तुम्हां सर्वांच्या उदाहरणांत वर्तन बदलते खरे. पण पैसे, गाडी, पेटी यांतले काही काढून घेतले की ते टिकेल का, हे कोणी सांगितलेले नाही.

आवाहनाने काहीच होत नाही, असेही नाही. टेक्सासच्या महामार्ग खात्याने १९८६ मध्ये मोहीम सुरू केली, तेव्हा आधी शोधून काढले की कचरा टाकणारे मुख्यतः तरुण पुरुष आहेत आणि ‘कृपया स्वच्छता राखा’ या विनवणीला ते जुमानत नाहीत. म्हणून त्यांच्या राज्याभिमानाला हात घालणारे, जवळजवळ दमदाटीचे घोषवाक्य निवडले आणि त्यांना आवडणारे खेळाडू व गायक पुढे आणले. १९९० पर्यंत महामार्गांवरचा कचरा ७२ टक्क्यांनी घटल्याचे सांगितले जाते. अनामत नाही, नवी गाडी नाही. कोणाशी कोणत्या भाषेत बोलावे, एवढे मात्र त्यांना नेमके कळले होते.

पांथस्थ

टेक्सासचे उदाहरण वजनदार आहे, मान्य. यासंबंधी झालेले दोन प्रयोग इथे सांगण्यासारखे आहेत.

मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट चाल्डिनी आणि सहकाऱ्यांनी १९९० मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत वाहनतळावरील मोटारींच्या काचांवर पत्रके अडकवली होती. तळ आधीच कचऱ्याने भरलेला असेल, तर लोक पत्रक खाली टाकत; स्वच्छ असेल, तर कमी टाकत. हे अपेक्षितच होते. मात्र स्वच्छ जागेत एखाद्याला कचरा टाकताना पाहिले, तर पाहणारे आणखीच कमी टाकत, कारण त्या एका तुकड्याने बाकीच्या जागेची स्वच्छता नजरेत भरत असे. नेदरलँड्समधील ग्रोनिंगन येथे २००८ मध्ये असाच प्रयोग सायकलींच्या मुठींवर पत्रके लावून केला गेला. मागची भिंत कोरी होती तेव्हा ३३ टक्के लोकांनी पत्रक खाली टाकले. तीच भिंत रेघोट्यांनी रंगवलेली होती तेव्हा ६९ टक्के लोकांनी. गल्ली तीच, गाव तेच.

@खडूफळा, तुमचा प्रश्न टिकण्याचा आहे. या प्रयोगांवरून मला दिसते ते असे, की टिकणे माणसाच्या मनात जितके असते तितकेच समोरच्या जमिनीवर असते. स्वच्छ जागा स्वतःच माणसाला अडवते. पण ती पहिल्यांदा स्वच्छ कोणीतरी करावी लागते आणि ते काम कोणाचे, यावर सगळे अडून बसते.

कोरडवाहू

‘ते काम कोणाचे’ हाच खरा मुद्दा आहे, आणि आपण भारतीय त्याच्यापाशी येऊन विषय बदलतो.

सक्तीने सर्वांना झाडू हाती द्यायचा झाला, तर त्याचेही उदाहरण जगात आहे. रवांडात दर महिन्याच्या शेवटच्या शनिवारी सकाळी ८ ते ११ ‘उमुगांडा’ असतो. १८ ते ६५ वयाच्या धडधाकट नागरिकांनी रस्ते झाडणे, गटारे उपसणे, झाडे लावणे अशा कामांत भाग घ्यायचा. राष्ट्राध्यक्षही त्यात दिसतात. प्लॅस्टिकच्या पिशव्यांवर तिथे २००८ पासून बंदी आहे. राजधानी किगाली हे आफ्रिकेतील सर्वांत स्वच्छ शहरांत गणले जाते आणि कौतुक करणारे लेख भरपूर आहेत. त्याच शहरात फेरीवाले, भिकारी, बेघर मुले यांना रस्त्यावरून उचलून गिकोंडो येथील केंद्रात डांबले जाते, अशी नोंद ह्यूमन राइट्स वॉच या मानवाधिकार संघटनेने २०१५ मध्ये केली आहे. रस्ता ‘नीटनेटका’ करताना कचरा आणि माणूस यांच्यात फरक करायचा राहून गेला, की काय होते ते इथे दिसते.

उलट उदाहरण न्यूयॉर्कचे. १८९५ मध्ये कर्नल जॉर्ज वेअरिंग यांच्याकडे रस्तेसफाईचे खाते आले, तेव्हा हजारो घोड्यांची लीद आणि राखेचे ढीग यांनी रस्ते भरलेले असत आणि खात्यातल्या नोकऱ्या राजकीय वशिल्याने वाटल्या जात. त्यांनी वशिल्याची पद्धत मोडली, झाडणाऱ्यांना पांढराशुभ्र गणवेश दिला आणि १८९६ मध्ये त्यांचे संचलन शहरातून काढले. लोक टवाळी करण्याच्या तयारीने आले होते, ते टाळ्या वाजवत परतले. चिखलाच्या कामाला पांढरा रंग निवडण्यात एक धूर्तपणा होता: हा माणूस रस्त्यात आहे आणि तो काम करतो आहे, हे दुरूनही दिसावे.

आपल्याकडे नेमके हेच ‘दिसणे’ नको असते. हाताने मैला उचलण्यावर १९९३ मध्ये कायद्याने बंदी आणावी लागली आणि २०१३ मध्ये पुन्हा, अधिक व्यापक. जे काम पिढ्यान्‌पिढ्या ठरावीक जातींवर लादले गेले, ते आपले नव्हेच अशी बाकीच्यांची खात्री झालेली असते. घराचा उंबरा लख्ख आणि त्यापुढचा रस्ता गलिच्छ, याचे कारण आळसात शोधू नका. उंबऱ्यापलीकडचे उचलणारा जन्मानेच ठरलेला आहे, हे गृहीतक त्यामागे आहे. जपानी शाळेतील मुलाच्या हातात झाडू दिला जातो, तेव्हा त्याला झाडायला शिकवले जाते यापेक्षा झाडण्यात कमीपणा नाही हे शिकवले जाते. आपण त्यातला झाडू घेतो, छायाचित्र काढतो आणि उरलेला भाग सोडून देतो.

नदीकाठ

+१. यात कैरोची भर घालतो. तिथले ‘झब्बालीन’ दारोदार जाऊन कचरा गोळा करत, खरकटे डुकरांना घालत आणि उरलेल्यातला मोठा हिस्सा पुनर्वापरात आणत. सरकारने २००३ च्या सुमारास परदेशी कंपन्यांना कंत्राटे दिली. त्यांच्या गाड्या अरुंद गल्ल्यांत शिरत नसत आणि लोकांनी कचरा कोपऱ्यावरच्या पेट्यांत आणून टाकावा अशी अपेक्षा होती. २००९ मध्ये स्वाइन फ्लूच्या भीतीने देशभरातील डुकरे मारण्यात आली आणि ओला कचरा रस्त्यांवर कुजत पडला. कैरोकर त्या वर्षी अचानक अस्वच्छ झाले नव्हते. ज्यांच्या कामाला कोणी काम म्हणत नव्हते, त्यांचे काम तेवढे बंद पडले होते.

खडूफळा

कोरडवाहू यांच्या प्रतिसादाशी पूर्ण सहमत. माझा मूळ आक्षेप मात्र कायम आहे, आणि त्याला बळ देणारे उदाहरण जर्मनीतच आहे. स्टुटगार्ट परिसरात ‘केरवोखे’ नावाची प्रथा आहे. तिचा उगम १४९२ च्या एका हुकमात सांगतात. इमारतीतील प्रत्येक बिऱ्हाडाने पाळीपाळीने जिना, दारापुढची पायवाट आणि अंगण झाडायचे. ज्याची पाळी त्याच्या दाराला एक छोटी पाटी लटकते. आठवडा संपला की ती तुम्ही शेजाऱ्याच्या दाराला लावता. महापालिकेने आपला नियम १९८८ मध्ये रद्द केला. पाट्या आजही लटकतात. नियम गेला, वर्तन राहिले.

उत्तररात्र

माझी बहीण तिथे भाड्याने राहते, म्हणून थोडी पुस्ती जोडते. महापालिकेचा नियम गेला तरी भाडेकरारात ती अट घालण्याची रीत आहे. तिच्या करारातही ती आहे आणि घरमालकीण दोन मजले खालीच राहते. पहिल्या हिवाळ्यात बहिणीने जिना कोरडाच झाडला, फडके मारले नाही, तर दुसऱ्या दिवशी पाटी पुन्हा तिच्याच दाराला लटकलेली होती. कोणी एक शब्दही बोलले नाही. आता ती तिच्यानंतरच्या बिऱ्हाडाचा जिना तपासते.